दसऱ्याचं कोरं तेल

उष्टं तेल म्हणाला तो. माझ्या तेलाला. नऊ वर्षं जे तेल मी रोज उजेडात धरून बघितलं, ज्याच्यावर सहा प्रेस कधी कुरकुर न करता चालले, त्याला टिपणीस साहेब सगळ्या खात्यासमोर उष्टं म्हणाला. तिथून सगळी वाट लागली, म्हणून मी तिथूनच सांगणार. मध्ये आवाज चढला तर चढू दे, माझा इलाज नाही.

मी सहदेव घाडी. गाव कणकवलीकडचं, राहायला दहिसरला नदीकाठच्या चाळीत. आधी परळला गिरणीत इंजिन खात्यात होतो. संपाच्या कितीतरी आधी सुटलो आणि चेकनाक्याच्या अलीकडे एका कंपनीत लागलो. कंपनी बेकलाइटचे स्विच आणि कुकरच्या मुठी बनवायची. पावडर तापलेल्या डायमध्ये टाकायची, वरची जड प्लेट खाली येऊन दाबणार, मूठ तयार. ती प्लेट विजेवर नाही हो येत, तेलाच्या दाबावर येते. एकेका प्रेसच्या टाकीत तीनशे लिटर. सहा प्रेस, अठराशे लिटर तेल. त्या तेलाचा माणूस मी.

गिरणीत अंबादास मिस्त्री म्हणून माझे गुरू होते. ते म्हणायचे, तेल मरत नाही रे, मळतं. त्यात धूळ जाते, लोखंडाचा कीस जातो, पाणी जातं. ते काढ, तेल परत कामाला तयार. अगदी मरतंही, नाही असं नाही, पण तेव्हा त्याला आंबट वास येतो आणि ते काळं पडतं. तोवर टाकायचं कशाला? लोक काय करायचे, वर्ष झालं की सगळं तेल नाल्यात सोडायचे आणि नवं आणायचे. मी आमच्या कंपनीत तसं होऊ दिलं नाही. मागच्या बाजूला एक खोली मागून घेतली. तिथं तीन पिंपं, खाली कॉक. दर महिन्याला एका प्रेसचं तेल काढायचं, हाताला सोसेल इतपत गरम करायचं, चार दिवस बसू द्यायचं. पाणी आणि गाळ तळाला जातो, तो कॉकमधून सोडून द्यायचा. मग वरचं तेल मांजरपाटाच्या पदरांतून आणि फिल्टरच्या कागदांतून दाबून काढायचं. दर शनिवारी प्रत्येक प्रेसची एक बाटली भरायची, सरबताची रिकामी बाटली, तिला तारखेची चिठ्ठी. बाटलीमागे पेपर धरला तर अक्षरं वाचता आली पाहिजेत. नऊ वर्षांत थोडं थोडं तेल वर घातलं असेल, पण सगळं बदलायची पाळी एकदाही आली नाही.

टिपणीस साहेब ह्या सगळ्याच्या दोन वर्षं आधी मॅनेजर म्हणून आला. श्यामकांत टिपणीस. शिकलेला माणूस, पार्ल्याचा, इस्त्रीची घडी कधी मोडायची नाही. त्याला माझी खोली पहिल्या दिवसापासून डोळ्यांत खुपली. त्याचं म्हणणं, ही काय भंगारवाल्याची जागा करून ठेवलीय. हे घडलं त्या वर्षी, म्हणजे पंच्याऐंशी साली, मे महिन्यात त्यानं बारा पिंपं नवं तेल मागवलं. कशाला मागवलं? तर स्टॉक असावा. स्टोअरमध्ये जागा नव्हती म्हणून पिंपं अंगणात आली. मी ती आडवी पाडली, खाली लाकडी पाचरी मारल्या, वरच्या झाकणावरची दोन्ही बुचं एका आडव्या रेषेत आणून ठेवली. उघड्यावरचं पिंप असंच ठेवायचं असतं. जुलैत कुणी पाहुणे येणार होते, तेव्हा टिपणीस साहेबानं माझ्यादेखत हमालांकडून सगळी पिंपं उभी करून घेतली.

"दारुडे लोळल्यासारखी पडलीयेत," म्हणाला. "लाइनीत उभी करा."

मी म्हटलं, "साहेब, उभ्या पिंपाच्या झाकणावर पाणी साचतं. दिवसा पिंप तापतं, रात्री निवतं. निवताना आतली हवा आकसते आणि बुचाच्या आट्यांतून ते पाणी आत ओढून घेतं. पिंप श्वास घेतं साहेब."

तो हसला. "सहदेव, सील बघ. कंपनीचं सील आहे. पिंप श्वास घेतं म्हणे." आणि बाकीचेही हसले. जयवंतही हसला.

जयवंत कोण ते सांगतो. चार नंबर प्रेसचा ऑपरेटर. माझ्याच चाळीत दोन खोल्या सोडून राहतो, माझ्याच गावच्या बाजूचा. त्याची बायको मालन आणि माझी जानकी, दोघी एका नळावर भांडतात आणि एका ताटात जेवतात. जयवंताला कामाला मीच लावलं होतं. म्हणून पुढचं जास्त लागलं.

खंडेनवमीला आमच्याकडे यंत्रांची पूजा असते. मशिनं धुवायची, झेंडूचे हार, हळद-कुंकू, नारळ, पेढे. बायकापोरं नटूनथटून येतात. त्या वर्षी खुद्द माणिकशेठ, कंपनीचे मालक, सहकुटुंब येणार होते. आदल्या दिवशी टिपणीस साहेबानं सगळ्यांना गोळा केलं आणि सांगितलं, सगळ्या टाक्या रिकाम्या करा. दसऱ्याला मशीनमध्ये कोरं तेल पाहिजे. नऊ वर्षांचं उष्टं तेल ठेवून देवीपुढं नारळ कसला फोडता?

आता गंमत बघा. मी समजावलं असतं, भांडलो असतो, पण त्या एका शब्दानं सगळ्यांची तोंडं बंद झाली. सणावाराला उष्टं कोण ठेवणार? आपल्या लोकांना हे पटतंच. जयवंत मला बाजूला घेऊन म्हणाला, "जाऊ दे ना यार. वर्षाचा सण. आपण नवे कपडे घालतो, मशीनलाही घालू दे." बोलण्यात खोट नव्हती त्याच्या. मलाही क्षणभर वाटलं, च्यायला, आपणच अशुभ बोलतोय का. तेवढा क्षण मी गप्प बसलो. त्या गप्प बसण्याचा राग मला माझाच आहे.

मग मी म्हटलं, बरं, जुनं तेल माझ्या पिंपांत ठेवतो. तर नाही. खोलीला चुना मारायचाय, शेठ बघणार, ती घाण उचला. आणि माझ्या डोळ्यांसमोर हमालांनी अठराशे लिटर तेल मागच्या भिंतीवरून नदीला मिळणाऱ्या नाल्यात ओतलं. पेपर वाचता येईल असं तेल. मी फक्त सवयीनं सकाळी चार नंबरची एक बाटली भरून ठेवली होती, तेवढी राहिली.

नवं तेल भरतानाही मी म्हटलं, साहेब, आधी एक बाटली काढून उभी ठेवू द्या, निदान फिल्टरमधून तरी घालू द्या. भटजी सकाळी नवाला येणार होते. "सीलबंद मालाला फिल्टर? सीलपेक्षा तू शहाणा?" असं म्हणून त्यानं हातपंप माझ्याच हातात दिला. नऊ पिंपं मी माझ्या हातानं भरली, पाइप पार तळाला टेकवून, शेवटच्या थेंबापर्यंत. खोटं कशाला बोलू.

पूजा झकास झाली. शेठनी तेलखोली बघितली, पांढरीशुभ्र, आत काही नाही. दसऱ्यानंतर टिपणीस साहेबानं तिला कुलूप लावलं आणि मला पॅकिंगला टाकलं, मुठी मोजून खोक्यात भरायला.

दसऱ्याच्या तिसऱ्या दिवशी जानकी नदीवरून धुणं घेऊन आली ती तशीच दारात उभी राहिली. चादरींवर तपकिरी पट्टे, साबणानं हटेनात. नदीत सगळीकडे तेलाचा तवंग होता, काठच्या बायका शिव्या घालत होत्या. तिनं चादर माझ्या नाकापुढं धरली.

"ह्यां तुमचां तेल," ती म्हणाली. "नऊ वर्सां तुमचे कपडे धुतंय, माका वास कळता. काठार सगळ्यो बायको कंपनीच्या नावान बोटां मोडतत. मी काय सांगू त्यांका, माझ्या घोवाचां काम हां म्हणान?"

मी चादर हातात घेतली. तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण चादर तर माझ्याच तेलानं खराब झाली होती.

इकडं आठवड्याभरात प्रेस ओरडायला लागले. पंप किंचाळायचा. मी जेवणाच्या सुट्टीत जयवंताच्या टाकीचं झाकण उघडून बघितलं, तेल ताकासारखं पांढरं. मी तडक केबिनमध्ये गेलो. पाणी आहे म्हटलं, प्रेस थांबवा, खोलीची चावी द्या. टिपणीस साहेबानं फायलीतून मान वर केली नाही. "नवं तेल आहे, फेस येतो. बसेल. तू पॅकिंगला आहेस ना?" मी जयवंतालाही सांगितलं, हात सांभाळ, प्लेटचा भरवसा धरू नकोस. तो म्हणाला, तुझं आपलं काहीतरी.

दिवाळीला चार दिवस होते. जयवंत डाय ब्रशनं साफ करत होता, वरची प्लेट वर थांबलेली. पाण्यानं आतल्या व्हॉल्वला गंज धरला होता, तो अडकला आणि प्लेट आपोआप खाली यायला लागली. त्यानं हात ओढला, सगळा नाही निघाला. डाव्या हाताची दोन बोटं, करंगळी आणि तिच्या शेजारचं. तापलेला डाय, अडीच मणाचं वजन. त्याला हॉस्पिटलात मीच घेऊन गेलो, रिक्षात त्याचा हात माझ्या मांडीवर होता. डॉक्टरांनी बोटं काढली.

दुसऱ्या दिवशी नोटीस बोर्डावर कागद. वर्षानुवर्षे गाळून वापरलेल्या जुन्या तेलाचा गाळ टाक्यांत राहिल्यामुळे अपघात झाला. आणि माझ्या हातात चार्जशीट, तीन दिवसांत उत्तर द्या, कामावरून का काढू नये. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. टाक्या मी आरशासारख्या पुसल्या, आणि ज्यानं माझ्या खोलीला कुलूप लावलं, ज्यानं ती पिंपं उभी केली, तो इस्त्रीच्या शर्टात केबिनमध्ये, आणि मी गुन्हेगार.

नोकरीचं मी एक वेळ सोसलं असतं. पण त्या नोटिशीची बातमी जयवंताला हॉस्पिटलात कुणीतरी पोचवली. मी संध्याकाळी गेलो तर त्यानं तोंड भिंतीकडे केलं. मी म्हटलं, जयवंता, माझं ऐक. तो म्हणाला, "तू म्हणायचास ना, तेल मरत नाही. आता जा." मालन कोपऱ्यात बसली होती, ती माझ्याकडं बघेना.

दिवाळीला जानकीनं नेहमीसारखं फराळाचं ताट भरलं, वर क्रोशाचा रुमाल टाकला आणि मालनकडे पाठवलं. ताट परत आलं. रुमालाची घडीही मोडली नव्हती. चाळीत असं ताट परत येणं म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगायला नको. जानकी चुलीपाशी बसून रडली आणि मी चार्जशीटच्या मागच्या बाजूला उत्तर लिहिलं. एकच ओळ. "उत्तर तव्यावर देईन, सगळ्यांसमोर, जयवंत हजर पाहिजे."

टिपणीस साहेबाला वाटलं, मला वेड लागलं. पण माणिकशेठ जुने व्यापारी, त्यांना गंमत वाटली असावी. दिवाळीनंतर कंपनी उघडली त्या दिवशी ते दुपारी कँटीनमध्ये येऊन बसले. टिपणीस साहेब शेजारी. सगळं खातं भिंतीला टेकून उभं. जयवंत हाताला हे भलंमोठं बँडेज बांधून दाराजवळच्या बाकावर बसला, माझ्यापासून जितकं लांब बसता येईल तितकं.

आमचं कँटीन शांताबाई चालवायची. तिच्याकडून मी जुना लोखंडी तवा मागितला, स्टोव्हवर तापत ठेवला. माझ्या हातात चार नंबरची ती राहिलेली बाटली. बाटलीमागे मी पेपर धरला आणि शेठना वाचायला सांगितलं. त्यांनी चष्मा लावून बातमी वाचली, अडखळले नाहीत. मग त्यातलं चमचाभर तेल तव्यावर सोडलं. तेल पसरलं, धूर आला, आवाज काही नाही.

"हे उष्टं," मी म्हटलं. "आता कोरं बघा."

अंगणात अजून तीन पिंपं तशीच उभी होती, सीलबंद. त्यांतलं एक जयवंतापुढं आणवलं. सील शेठनी स्वतः हात लावून बघितलं, शाबूत होतं. ते त्यांच्यासमोर तोडलं. काचेची लांब नळी वरून अंगठ्यानं दाबून तळापर्यंत नेली, अंगठा सोडला, परत दाबला, नळी वर काढली. खालचा वीतभर भाग पाणी होता. नुसतं पाणी, गढूळ, आणि त्याच्यावर तेल. तरी मी थांबलो नाही. नळी हलवून चमचाभर तव्यावर टाकलं. तवा असा तडतडला की पुढची माणसं मागं सरली.

शांताबाई पदरानं हात पुसत म्हणाली, "हे काय सांगायला पाहिजे? ओली मिरची कढईत पडली की असंच उडतं. ह्यात पाणी आहे."

"सील होतं," टिपणीस साहेब म्हणाला. दोनदा म्हणाला.

मी म्हटलं, "सील बुचावर होतं साहेब. पाणी झाकणावर होतं. चार महिने पिंपं लाइनीत उभी होती, तुमच्या पाहुण्यांसाठी. मी आडवी ठेवली होती ती उभी कुणी केली, ते इथल्या प्रत्येकानं बघितलंय. वड्याचं तेल तुम्ही माझ्या वांग्यावर काढलंत. आणि त्यात ह्याची बोटं गेली." माझा आवाज फाटला होता. लाज वाटली नाही.

मी जयवंताकडे बघितलं. तो नळीकडे बघत होता. उठला आणि बाहेर गेला.

आता तुम्हाला वाटेल, झालं, सुटला सहदेव. ऐका पुढं. दुसऱ्या दिवशी बोर्डावर नवा कागद. यंदाच्या अतिपावसामुळे तेलात पाणी शिरले, अपघात नैसर्गिक कारणाने झाला, कोणाचाही दोष नाही. खाली टिपणीस साहेबाची सही, शेजारी माझ्यासाठी जागा मोकळी. मला केबिनमध्ये बोलावून त्यानं तेलखोलीची चावी टेबलावर ठेवली. चार्जशीट मागे घेतो म्हणाला, सही कर आणि चावी उचल.

पाऊस म्हणे. म्हणजे पावसानं पिंपं उभी केली. पावसानं हातपंप माझ्या हातात दिला, पावसानं माझ्या खोलीला कुलूप घातलं. अरे, पाऊस तर आडव्या पिंपांवरही पडला असता.

मी म्हटलं, "चावी राहू दे. मुठी मोजायच्यात."

सहाही प्रेस बंद होते. ते ताक झालेलं तेल गाळून त्यातलं पाणी काढणं माझ्याशिवाय कुणाला येत नव्हतं. टिपणीस साहेबाचं म्हणणं होतं, सगळं ओतून द्या, नवं मागवा. ह्या वेळी शेठनीच नाही म्हटलं. तीन दिवस मी पॅकिंगला बसून मुठी मोजल्या. लोक येऊन सांगायचे, सहदेवा, किती ताणतोस, सही करून टाक. मी पुढची मूठ मोजायचो. माझं नाव ज्या बोर्डावर काळं केलं, त्याच बोर्डावर ते पुसलं गेलं पाहिजे. त्यात ताणायचं काय?

चौथ्या दिवशी माणिकशेठ आले. त्यांनी तो कागद स्वतः फाडला आणि आपल्या गुजराती वळणाच्या मराठीत दुसरा लिहिला. पिंपं उभी ठेवली म्हणून पाणी गेला. सहदेवच्या तेलाचा दोष नाय. कुणी उभी केली ते त्यांनीही लिहिलं नाही. टिपणीस साहेब त्याच केबिनमध्ये बसतो, आजही. नाल्यात गेलेल्या तेलाबद्दल कुणी एक अक्षर काढलं नाही, आणि जानकी अजून चाळीच्या नळावर पाण्याची रांग धरते, नदीवर जात नाही.

मी त्या कागदाखाली सही केली. चावी घेतली, पिंपं परत खोलीत लावली, पहिलं तेल गरम करायला ठेवलं. उरलेली दोन पिंपं मी एकट्यानं आडवी पाडली, पाचरी मारल्या.

त्या संध्याकाळी दार वाजलं. जयवंत होता. उजव्या हातात ताट, वर क्रोशाचा रुमाल, मालननं धाडलेलं. एका हातानं ताट तिरकं होत होतं, म्हणून त्यानं ते पोटाला टेकवून धरलं होतं. मी घेतलं. तो उंबऱ्यातच उभा.

"पिंप खरंच श्वास घेतं," तो म्हणाला.

मी म्हटलं, आत ये. तो आत आला, भिंतीला टेकून बसला, बँडेजचा हात मांडीवर ठेवला. जानकीनं चहा टाकला. दिवाळी होऊन आठवडा उलटला होता, चकल्या मऊ पडल्या होत्या. आम्ही दोघांनी मिळून सगळ्या खाल्ल्या. माझं नाव मला परत मिळालं, चाळीतही आणि बोर्डावरही. पण त्याचा हात बघितला की अजून डोकं फिरतं माझं, आणि ते फिरायलाच पाहिजे.